मीटरमागचा हिशेब

भोसरीतल्या एका फाउंड्रीत मी बसले होते. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ, भट्टी अजून लागायची होती. मालकांनी खणातून वर्षभराची बारा बिले काढली, पत्ते मांडावेत तशी टेबलावर मांडली आणि म्हणाले, "मॅडम, माल तेवढाच निघतोय, माणसं तेवढीच आहेत. मग हा आकडा वाढला कशानं, ते एकदा समजावून सांगा." प्रत्येक बिलाची शेवटची ओळ त्यांना तोंडपाठ होती. मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, टीओडी, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क या मधल्या ओळींवर मात्र त्यांची नजर कधी थांबली नव्हती. थांबावी तरी कशाला? त्या ओळींच्या बाबतीत आपल्याला काही करता येते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

वाढीचा पहिला भाग त्यांच्याच आवारात सापडला. कपॅसिटर पॅनेल उघडले तर आतले तीन कपॅसिटर फुगून निकामी झालेले. पॉवर फॅक्टर ०.८७ पर्यंत घसरला होता. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचमध्ये निघते. म्हणजे प्रत्यक्ष कामाला ८७ युनिट लागले तरी मोजले जातात १००. हे दुखणे दुसऱ्या दिवशी वायरमनने काढले. पण ते वजा करूनही वाढ उरलीच, आणि ती काढायला कुठलाही वायरमन पुरा पडला नसता. ती मुंबईत कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, तेराव्या मजल्यावर, महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे ठरली होती. कोणीतरी हजारभर पानांची याचिका दाखल केली होती, कोणीतरी त्यातला काही खर्च मान्य केला होता, काही नाकारला होता. भोसरीचे ते मालक त्या खोलीत नव्हते.

ही उरलेली वाढ हाच या पुस्तकाचा विषय. लिहिणारे तिघे आहेत, दोन विद्युत अभियंते आणि एक सनदी लेखापाल. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या लहानमोठ्या कारखान्यांसाठी तिघेही हेच काम करतात. त्यांनी मला प्रस्तावना मागितली तेव्हा मी हस्तलिखित दोनदा वाचले आणि त्यांना एकच विचारले: हे पुस्तक वकिलांसाठी आहे की बिल भरणाऱ्यांसाठी? तिघांचेही उत्तर एकच आले, म्हणून ही पाने लिहिते आहे.

वीज नियमनाची सल्लागार म्हणजे नेमके काय करता, असे मला लग्नकार्यात हमखास विचारतात. मी सांगते, दुसऱ्याचा खर्च वाचते. वीज पोहोचवणाऱ्या कंपनीने वर्षभरात काय विकत घेतले, कुठे तार ओढली, कर्ज किती आणि कोणत्या व्याजाने काढले, दुरुस्तीवर किती घातले, पगारात किती गेले आणि त्यातले किती माझ्या अशिलाच्या बिलात यायला हवे. किराणा मालाची दोन दुकाने एका गल्लीत चालतात, आणि एकाने भाव वाढवला तर आपण दुसऱ्याकडे जातो. विजेच्या तारेचे तसे नाही. एकाच गल्लीत दोन कंपन्यांनी दोन खांब रोवले तर दोन्ही खांबांचा खर्च शेवटी त्याच गल्लीने भरायचा. म्हणून तार एकाचीच ठेवायची आणि भाव ठरवायला तिसरा माणूस बसवायचा, असा हा व्यवहार जगभर चालतो. तिसऱ्या माणसाचे काम चोख व्हायचे तर त्याच्यापुढे दोन्ही बाजूंनी बोलणारे लागतात. कंपनीकडे सल्लागारांची फौज असते, आयोगही आपले सल्लागार नेमतो. प्रश्न उरतो तो बिल भरणाऱ्याचा.

आपल्याकडे हा तिसरा माणूस आला त्याला अजून तीस वर्षेही झालेली नाहीत. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला स्थापन झाले. पुढची चार दशके विजेचे दर मंडळ आणि सरकार मिळून ठरवत आले. १९४८ च्या कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन तीन टक्के शिल्लक दाखवण्याची अट आली होती. खर्च वाढला की दर वाढवायचा किंवा सरकारकडून अनुदान घ्यायचे, असा सरळ मामला होता. खर्च झाला तो आवश्यक होता का, हे विचारणारे कोणी नव्हते. मग दाभोळचा वीजप्रकल्प आला. ८ डिसेंबर १९९३ ला एन्रॉनच्या कंपनीशी वीज खरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये तो रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी होऊन मोठा होऊन परत आला, मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोन वर्षांत ती वीज मंडळाला परवडेनाशी झाली. पुढे डॉ. माधव गोडबोले यांच्या समितीने त्याची चिरफाड केली. पण त्या कराराची आकडेमोड १९९५ सालीच पुण्यात झाली होती. 'प्रयास' या संस्थेतल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी कराराची कलमे आणि तक्ते घेऊन युनिटमागे खरा भार किती पडेल ते मांडून दाखवले. आम्ही तेव्हा नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुली. वीज हा विषय ट्रान्सफॉर्मर आणि रिलेपुरता नाही, तो कागदातही असतो, हे त्या लेखनाने आम्हाला पहिल्यांदा दाखवले. गिरीश संत २०१२ च्या फेब्रुवारीत गेले. आज आयोगापुढे जो कोणी ग्राहक आकडे घेऊन उभा राहतो, तो त्यांनी घालून दिलेल्या वाटेने चालतो, असे मला मनापासून वाटते.

आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला आणि मंडळाची पहिली दरवाढ याचिका त्याच्यापुढे आली. त्या सुनावणीत जे घडले ते प्रत्येक नव्या वाचकाला मी सांगते, कारण खर्च वाचणे म्हणजे काय हे त्याहून सोपे करून सांगता येत नाही. शेतीपंपांना तेव्हा बहुतांश मीटर नव्हते, अश्वशक्तीप्रमाणे ठोक आकारणी होती. आता समजा जाळ्यात १०० युनिट सोडले. मीटरने मोजून विकले गेले ते ५०. उरलेले ५० गेले कुठे? काही पंपांनी वापरले, काही तारांत जिरले, काही आकडे टाकून चोरले गेले. पंपांचा वापर ३२ आहे असे सांगितले की गळती उरते १८, आणि १८ टक्के ऐकून कोणी दचकत नाही. पण पंपांची संख्या, त्यांची अश्वशक्ती आणि ते वर्षात किती तास चालू शकतात याचा हिशेब मांडला आणि तो २० वर आला, की गळती ३० होते. त्या सुनावणीत नेमके हेच झाले. वर्षानुवर्षे अठराच्या आसपास सांगितली जाणारी गळती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचे मान्य करावे लागले. एकाही खांबाला हात न लावता, नुसत्या वजाबाकीने. शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्याचीच चोरी टाकली जात होती, हेही त्याच वजाबाकीतून बाहेर आले. माझ्या मते त्या सुनावणीचे सर्वांत मोठे फळ हेच.

नंतर २००३ चा वीज कायदा आला. १० जून २००३ पासून तो लागू आहे. ६ जून २००५ ला मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण वेगळे झाले. महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण ही नावे तेव्हाची. कायद्यातली बरीच कलमे वाचकाला या पुस्तकात सापडतील, मी दोनच सांगते. कलम ६४ प्रमाणे दराची याचिका आली की ती लोकांपुढे ठेवावी लागते, सूचना-हरकती मागवाव्या लागतात आणि १२० दिवसांत निकाल द्यावा लागतो. कलम ९४ मध्ये ग्राहकांचे प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. महाराष्ट्रात प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन यांनी ते काम वर्षानुवर्षे केले. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना यंत्रमागधारकांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी हाच कागद घेऊन लढत आली. या यादीत भोसरी-चाकण कुठे, हा प्रश्न मला नेहमी टोचतो. लघुउद्योग संघटना आहेत, चाकणच्या उद्योगांचा महासंघ आहे, निवेदने दिली जातात, लाईट गेली की मोर्चेही निघतात. पण देशातल्या सर्वांत मोठ्या वाहन उद्योगाच्या पट्ट्यांपैकी एक असलेल्या या भागातून तक्ते घेऊन बोलणारी माणसे हवी तेवढी तयार झाली नाहीत.

आणि तरीही या पट्ट्याने एकदा साऱ्या देशाला नवी वाट दाखवली होती. २००५-०६ चे ते दिवस आठवतात. राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता, भारनियमन रोजचे झाले होते. वीजटंचाईने आमच्या भागाची दिनदर्शिकाच पूर्वीपासून बदलून ठेवली आहे. विजेचा भार वाटून घ्यावा म्हणून उद्योगांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवल्या गेल्या आणि भोसरी-पिंपरीच्या शेडमध्ये सुट्टीचा वार गुरुवार झाला. अजूनही इथल्या कामगारांच्या घरची लग्ने, देवदर्शन आणि मुलीला बघायला जाणे गुरुवारी ठरते, आणि नव्या पिढीला त्याचे कारणही माहीत नसते.

२००५-०६ च्या त्या टंचाईत भारतीय उद्योग महासंघाच्या (सीआयआय) पुणे शाखेने एक प्रस्ताव मांडला. प्रदीप भार्गव त्यात पुढे होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रे होती, भारनियमनात वापरण्यासाठी घेतलेली. शहराला कमी पडणारी वीज होती शंभर मेगावॉटच्या आसपास. कारखान्यांनी टंचाईच्या तासांत आपली जनित्रे चालवायची, तेवढी जाळ्यातली वीज घ्यायची नाही, आणि ती मोकळी झालेली वीज शहराला द्यायची. डिझेल महाग, तेव्हा जादा खर्च कोणीतरी द्यायला हवा. तो महिन्याला ३०० युनिटांहून जास्त वापरणाऱ्या ग्राहकांकडून युनिटमागे ४२ पैसे 'विश्वासार्हता आकार' म्हणून घ्यायचा. मे २००६ मध्ये आयोगाने सुनावणी घेऊन याला मंजुरी दिली आणि पुणे परिसरातले भारनियमन थांबले. देशभर त्याला पुणे मॉडेल म्हणू लागले.

त्यातली तांत्रिक युक्ती मोठी नव्हती. मला महत्त्वाचे वाटते ते हे की जनित्राचा प्रत्येक खर्च टेबलावर ठेवला गेला. डिझेलचा भाव काय, लिटरमागे किती युनिट निघतात, जनित्राची झीज किती धरायची, कारखान्याला यात नफा होता कामा नये तर तो कसा रोखायचा. प्रयाससारख्या संस्थेने त्यावर प्रश्न विचारले. मग ४२ पैसे ठरले. पैसे जास्त द्यायला लोक तयार झाले, कारण ते कशाचे पैसे आहेत हे त्यांना कळले होते. डिझेल जाळून शहर उजळणे हा कायमचा उपाय नव्हता, श्रीमंत शहराला पैसे देऊन वीज आणि खेड्याला अंधार असा आक्षेपही तेव्हा घेतला गेला. तो आक्षेप मला आजही रास्त वाटतो. पण हिशेब उघडा ठेवून दर ठरवण्याची ती पद्धत रास्तच होती.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग भांडवली खर्चावर आहे आणि ते बरोबरच आहे. इंधनाचा भाव दर महिन्याला वर-खाली होतो, भांडवली खर्च मात्र एकदा मान्य झाला की पंचवीस वर्षे बिलात राहतो. समजा १० कोटींचे उपकेंद्र बांधले. नियमांप्रमाणे ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल धरले जाते. ७ कोटींवरचे व्याज बिलात, ३ कोटींवरचा ठरलेला परतावा बिलात, सुरुवातीची काही वर्षे दरवर्षी सुमारे सव्वापाच टक्के घसारा बिलात, देखभालीचा खर्च बिलात. म्हणून उपकेंद्र मागायच्या आधी विचारायचे की ते लागते का, लागत असेल तर तिथेच का, आणि एवढ्याच क्षमतेचे का. काम पूर्ण झाले म्हणून कागदावर दाखवले, पण ते वापरात आले का? १९६२ साली अॅवर्च आणि जॉन्सन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा मिळत असेल तर कंपनीचा कल गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याकडे जातो. यात कोणाची बदमाशी असावीच लागते असे नाही. नियमाचाच उतार तसा असतो आणि पाणी उताराकडे जाते. ब्रिटनच्या ऑफजेम या नियामकाने २०१३ पासून म्हणून वेगळी रीत धरली: किती खर्च केला यापेक्षा त्या खर्चातून ग्राहकाला काय मिळाले यावर कंपनीची कमाई बांधायची. आपल्याकडे २००५ पासून १० कोटींवरच्या योजनांचा सविस्तर प्रकल्प अहवाल आयोगापुढे ठेवून आधी तत्त्वतः मंजुरी घेण्याची पद्धत सुरू झाली. त्यानंतरचे नियम पुस्तकात क्रमाने दिले आहेत.

चाकणसारख्या ठिकाणी कोणता खर्च खरोखर लागतो हा प्रश्न किती अवघड होतो ते या भागात राहणाऱ्याला चटकन कळेल. माझ्या लहानपणी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्गाची तटबंदी. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला. २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले आणि त्यांच्यामागून सुटे भाग करणारे शेकडो कारखाने. निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, वासुली ही पाटीवर न दिसणारी गावे ट्रकवाल्यांच्या तोंडी बसली. जिथे कालपर्यंत विहिरीवरचे पंप आणि दोनशे घरे होती, तिथे प्रेसशॉप आणि रोबोट आले. गावच्या गावठाणाचे रोहित्र आणि कारखान्याचा २२ केव्हीचा फीडर कधी कधी एकाच उपकेंद्रातून निघतो. कारखान्याला सेकंदभराचा डिप आला तरी सीएनसी थांबते, टूल तुटते, जॉब भंगारात जातो. घरात तेवढ्या वेळात फक्त पंखा मंदावतो. अशा ठिकाणी खर्च कमी करा, एवढेच ओरडत बसणारा सल्लागार आपल्या अशिलाचे नुकसान करतो. ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे ४०० केव्हीच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि पुण्याचा काही भाग, पिंपरी-चिंचवड आणि चाकण काही तास विजेविना राहिले. त्या सकाळी पहिल्या पाळीला आलेले कामगार कंपन्यांच्या गेटवर उभे होते. एक दिवसाचे थांबलेले उत्पादन आणि पर्यायी वाहिनीचा वर्षाचा खर्च हे दोन आकडे शेजारी लिहून पाहिले तर कित्येकदा असे दिसते की खर्च कमी झाला तोच महाग पडला. न केलेला खर्चही वाचता यायला हवा, आणि तो वाचणे जास्त कठीण, कारण तो कुठल्याच तक्त्यात नसतो.

यातच आणखी एक गुंता आहे. त्यावर लेखकांनी एक संपूर्ण प्रकरण दिले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नव्या कारखान्याला वीज हवी असते तेव्हा लाईन कोणी ओढायची? कायद्याप्रमाणे मागेल त्याला पुरवठा देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. पण उद्योजकाला घाई असते. बँकेचे हप्ते सुरू झालेले असतात, मशीन येऊन पडलेले असते. मग तो डीडीएफमध्ये (डेडिकेटेड डिस्ट्रिब्युशन फॅसिलिटी) जातो. स्वतःच्या पैशाने लाईन ओढतो, देखरेखीचे १.३ टक्के भरतो आणि पुरवठा घेतो. पूर्वी ओआरसी (आउटराइट कॉन्ट्रिब्युशन) आणि सर्व्हिस लाईन चार्ज अशा नावांनीही पैसे घेतले जात. ८ सप्टेंबर २००६ च्या आदेशाने आयोगाने त्या आकारण्यांना नकार दिला. मुद्दा एवढाच आहे: ज्या तारेचे पैसे ग्राहकाने दिले, ती तार कंपनीच्या भांडवलात धरून तिच्यावर परतावा आणि घसारा लावता येत नाही, नाहीतर त्याच तारेचे पैसे ग्राहक दोनदा देतो. म्हणून मालमत्तेच्या यादीत ग्राहकांच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता वेगळी दाखवली आहे की नाही, हे पाहणे हा खर्च तपासणीचा पहिला धडा. आणि त्यासाठी चाकणच्या उद्योजकाने आपल्या लाईनची पावती, कंत्राटदाराचे बिल, काम पूर्ण झाल्याचा दाखला जपून ठेवायला हवा. सांगायला संकोच वाटतो, पण दहा कारखान्यांत विचारले तर आठ ठिकाणी हे कागद सापडत नाहीत.

तासांप्रमाणे बदलणाऱ्या दराकडेही (टीओडी) असेच लक्ष ठेवावे लागते. बरीच वर्षे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत औद्योगिक ग्राहकाला युनिटमागे दीड रुपया सूट होती. भोसरीच्या फाउंड्र्यांनी आपले सारे काम त्या दीड रुपयाभोवती लावले. इंडक्शन भट्टी रात्री दहाला लावायची, पहाटेपर्यंत ओतकाम उरकायचे. माणसे त्या वेळेला सरावली, घरे सरावली, चहाची टपरीसुद्धा रात्रभर उघडी राहू लागली. मग सौर वीज वाढली, दुपारी वीज स्वस्त झाली, आणि २८ मार्च २०२५ च्या आदेशात सूट रात्रीतून दिवसात आली, संध्याकाळ महाग झाली. विजेच्या दृष्टीने हा बदल योग्य आहे. दुपारची वीज वाया घालवून रात्री कोळसा जाळण्यात शहाणपण नाही. पण ज्याने पंधरा वर्षे रात्रपाळी उभी केली त्याला पाळ्या बदलायला वेळ लागतो, आणि तो वेळ मागायचा तर मागण्याची जागा सुनावणी हीच आहे. त्या आदेशाला आयोगानेच २ एप्रिलला स्थगिती दिली आणि २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला. तीन महिन्यांत तीनदा बदललेल्या त्या गणिताने या पट्ट्यातल्या कित्येक मालकांना पहिल्यांदाच आयोगाचा आदेश डाउनलोड करायला लावला.

तो आदेश इंग्रजीत असतो, शेकडो पानांचा. याचिकाही तशीच. वर्तमानपत्रातली जाहीर सूचना मराठीत येते, याचिकेचा सारांशही मराठीत मिळतो, हरकत मराठीत लिहून देता येते आणि सुनावणीत मराठीत बोलता येते. पुण्याची सुनावणी कौन्सिल हॉलमध्ये होते, तिथे मी शेतकरी, यंत्रमागवाले, सोसायट्यांचे सचिव, हॉस्पिटलचे डॉक्टर मराठीतच बोलताना ऐकले आहेत. तरी कागद उघडायला माणसे कचरतात. एआरआर, ट्रू-अप, कॅपिटलायझेशन, नॉर्मेटिव्ह हे शब्द आले की त्यांना वाटते, हे आपले काम नव्हे. या पुस्तकाने केलेले सर्वांत मोलाचे काम म्हणजे हे शब्द सोडवून दाखवणे. एआरआर म्हणजे वर्षभर घर चालवायला किती लागेल त्याचा अंदाज. ट्रू-अप म्हणजे वर्ष संपल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक काढून पुढच्या वर्षाच्या दरात घेणे किंवा परत देणे. हा ताळा प्रत्येक घरात महिनाअखेरीला होत असतो. लेखकांनी प्रत्येक तक्त्यापुढे "इथे काय विचारावे" अशी एक चौकट दिली आहे. एक तक्रार मात्र नोंदवते: शेतीपंपांच्या वापराचे प्रकरण त्यांनी फार आटोपते घेतले आहे. औद्योगिक ग्राहकाच्या दरातली क्रॉस सबसिडी, म्हणजे दुसऱ्या ग्राहकांचा दर कमी ठेवायला त्याच्यावर पडणारा जादा भार, येते ती तिथूनच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने २०१७ पासून तिथे काय बदलले हे सविस्तर यायला हवे होते. पुढच्या आवृत्तीत ते येईल असे त्यांनी कबूल केले आहे.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठीही हे पुस्तक आहे. आकुर्डी, पिंपरी, निगडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी इलेक्ट्रिकलची मुले बाहेर पडतात आणि बहुतेक सॉफ्टवेअरकडे जातात. वीज जाळ्याचा खर्च वाचणे हे शिक्षण झालेल्याला पोट भरता येईल असे काम आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. रोहित्राची किंमत बाजारात काय आहे हे ज्याला माहीत आहे आणि घसारा कसा लावतात हेही ज्याला येते, असा माणूस मिळणे आज कठीण आहे. अभियंता ताळेबंद बघत नाही आणि लेखापाल उपकेंद्रात पाय ठेवत नाही. दोन्ही करणाऱ्याने आठवड्यातून एक दिवस साइटवर जावे, मी अजून जाते. भूमिगत केबल टाकल्याचे बिल वाचल्यावर खंदक किती खोल खणला ते पाहायचे, पुढच्याच वर्षी रस्ता रुंदीकरणात जेसीबीने ती केबल तोडली का ते लाईनमनला विचारायचे. लाईनमनला सगळे माहीत असते. तक्त्यात "इतर दुरुस्ती" म्हणून लिहिलेली रक्कम कोणत्या जंपरची आणि कोणत्या जॉइंटची, हे तो चहा पिता पिता सांगतो.

सुरुवातीला सांगितले ते भोसरीचे फाउंड्रीवाले पुढच्या दर सुनावणीला आले. त्यांनी आदल्या रात्री माझ्याकडे बसून एका पानाची हरकत मराठीत लिहिली होती. वहन आकारात धरलेल्या एका भांडवली योजनेचे काम किती पूर्ण झाले आणि त्यातले किती वापरात आले, एवढेच त्यांनी विचारले. नाव पुकारल्यावर ते उठले, चष्मा लावला, कागद दोन्ही हातांत धरून वाचला, आभार मानून खाली बसले. दोन मिनिटेही लागली नसतील. काही महिन्यांनी आदेश आला. आदेशात प्रत्येक हरकत, त्यावर कंपनीचे उत्तर आणि मग आयोगाचे मत असा क्रम असतो. मी त्यांना पान क्रमांक कळवला. दुसऱ्या दिवशी शेडवर गेले तर ते पान छापून, त्यांच्या प्रश्नाखाली लाल पेनने रेघ ओढून, बिलांच्या फाइलला सर्वांत वर लावलेले होते. कंपनीचे उत्तर साडेतीन ओळींचे होते. त्यांनी ते मला वाचून दाखवले आणि म्हणाले, "मॅडम, यात 'कार्यान्वित' म्हटलंय, पण तारीख नाही दिलेली. पुढच्या वेळी तारीख विचारू."